मागेल तेव्हा

धनेशने टेबलावर जुना टॉवेल पसरला, त्यावर लॅपटॉप उपडा ठेवला आणि बारक्या स्क्रूड्रायव्हरने मागचे स्क्रू काढायला घेतले. निघालेला प्रत्येक स्क्रू तो वाटीत टाकत होता. समोर शकू भिजवलेले वाल सोलत बसली होती, पण तिचं लक्ष वालांत नव्हतं. ती लेकाच्या बोटांकडे बघत होती. बापासारखीच बोटं, लांब, पेरांशी जाड.

झाकण निघालं. आतून त्याने बोटाएवढी हिरवी पट्टी उपसून तिच्यापुढे धरली.

“ही बघ, हीच जुनी एसएसडी. एकशे अठ्ठावीसची आहे, गच्च भरलीय. म्हणून एवढा रखडत होता.”

“एवढीशी?”

“एवढीशीच असते. आता पाचशेची टाकतो. फोटो आणि बागेचे कागद मी मघाशीच पेन ड्राइव्हवर घेतलेत. आणखी काही नव्हतं ना तुझं?”

“माझं काय असनार त्याच्यात?” शकू म्हणाली. “तू टाक.”

बावखलाच्या तळ्यावरच्या पंपाचा बुश झिजला की नवा बसवतात. पाणी बावखलात असतं तिथेच असतं. ही पट्टीही तसलंच काहीतरी, अशी तिची समजूत होती.

धनेश आला, याचंच तिला अप्रूप होतं. त्याच्या बोळिंजपासून इथे वटारला, स्कूटरवरून वीस मिनिटांचं अंतर. पण बापाच्या वर्षश्राद्धानंतर तो घरी फिरकला नव्हता. बावखलापलीकडची बाग बिल्डरला द्यावी, असं तो तीन वर्षांपूर्वी म्हणाला आणि हरेश्वर भडकला. शब्दाने शब्द वाढला. धनेश बायको रचना आणि लहानगी लेक आर्या यांना घेऊन बोळिंजच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. बापलेकांचं बोलणं थांबलं ते थांबलंच. मग हरेश्वरच्या घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. शकूने लेकाला निरोप धाडला, पण तो ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी उगवला. हरेश्वरने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ‘जेवलास?’ पुढे चार महिन्यांत हरेश्वर गेला.

तासाभरात लॅपटॉप पुन्हा सरळ झाला. नवी विंडोज चढेपर्यंत धनेशने जुनी पट्टी एका छोट्या केसमध्ये घालून आपल्या ऑफिसच्या लॅपटॉपला जोडली होती आणि तो काहीतरी करत होता. मग त्याने आईला जवळ बोलावलं.

“आता मोज हां.”

बटण दाबलं. शकूने आठपर्यंत मोजलं आणि पडदा उजळला. धनेश हसला. कितीतरी दिवसांनी तिने त्याचे सगळे दात पाहिले.

“बघितलंस? आता नीट वापर. गादीवर ठेवून वापरायचा नाही, खालून हवा कोंडते. आपल्याकडे खारा वारा आहे, काम झालं की कपड्यात गुंडाळून ठेव. लाइट गेली तर तसाच मिटून टाकू नकोस, नीट बंद कर. आणि ठासून भरू नको, थोडी जागा रिकामी असली की तो पळतो. महत्त्वाचं काही असेल तर ते दोन ठिकाणी ठेवायचं. कळलं?”

“कळलं.”

रचनाचा फोन आला म्हणून तो बोलत बोलत बाहेर अंगणात गेला. शकूने पदराला हात पुसले आणि ती लॅपटॉपसमोर बसली. माइकचं चित्र शोधायला तिला वेळ लागला. ते नेहमीच्या जागी नव्हतं. शेवटी सापडलं. तिने बटण दाबलं.

आत काही नव्हतं. नुसतं पांढरं.

तिने बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा पांढरं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी शेजारच्या व्हेरोनिकाने हरेश्वरला आवाज भरायला शिकवलं होतं. ती गेल्यावर तो याच खुर्चीत बसला, दोनदा घसा खाकरला आणि चार मिनिटं बोलला. धनेशशी. शकू शेजारी बसून होती. बोलून झाल्यावर तो तिला म्हणाला, “तो मागेल तेव्हा दे. आपन होऊन नको.” ती चिडली होती. त्याला माहीतच नाही तर तो मागेल कसा? हरेश्वर म्हणाला, “बापाचा आवाज ऐकावासा वाटला तर मागेल. नाय वाटला, तर ऐकून तरी काय करनार?”

तो गेल्यापासून रोज दुपारी जेवणं आटपली की ती ते लावायची. अलीकडे लॅपटॉप अडकायला लागला होता. ‘धनेश’ म्हणताना हरेश्वर ‘ध’वरच थांबायचा, आणि ती वाट बघत बसायची. म्हणूनच तिने लेकाला फोन केला होता. लॅपटॉप फार हळू चालतो रे, एवढंच सांगितलं होतं.

“काय शोधतेस?” धनेश दारात उभा होता.

“काय नाय.” तिने पडदा अर्धा मिटला. “ती जुनी पट्टी... तिच्यातलं सगळं तिच्यातच हाय ना?”

“छे, पूर्ण साफ केली. सातबारा, आधार, बँकेचं, सगळं होतं तिच्यात. उद्या कोणाच्या हाती लागली तर?”

“साफ केलेलं परत येत नाय?”

“जुन्या हार्ड डिस्कमधून कधीकधी काढून देतात लोक. एसएसडी अशी साफ केली की काही म्हणजे काही उरत नाही. तू अजिबात घाबरू नको.” मग त्याचा स्वर बदलला. “का गं? काही राहिलं का?”

शकूने त्याच्याकडे पाहिलं. कानशिलावर केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे. शर्टाच्या बाहीला लॅपटॉपमधली धूळ लागली होती.

“नाय रे,” ती म्हणाली. “काय राहनार? चा ठेवते.”

चहा त्याने बशीत ओतला, पण प्यायला नाही. बशीवर साय धरली.

“आई, बाबांचा आवाज असेल का गं कुठे? कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओत, फोनमध्ये, कुठेही?”

शकूचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथेच राहिला.

“आर्या परवा विचारत होती, आजोबा कसे बोलायचे. मी नक्कल करायला गेलो आणि...” त्याने बशी बाजूला सारली. “मला आठवेचना. त्यांचे शब्द आठवतात, आवाज आठवत नाही. दीड वर्ष मी त्यांच्याशी बोललो नाही गं. आणि आलो तेव्हा...”

शकूने एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

“आवाज नाय,” ती म्हणाली. “पन तुझ्यासाठी बोलले होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, हितंच बसून. मला म्हनाले, मागेल तेव्हा सांग.”

“काय बोलले?”

ती ताठ बसली. दोनदा घसा खाकरला.

“धनेश, मी बोलतोय. म्हंजे तुझा बाप. उद्या गळा कापनार हायेत, त्याच्या आधी बोलून घेतो. त्या दिवशी मी तुला नको ते बोललो. तुझ्या पोरीसमोर बोललो. ती रडायला लागली तरी थांबलो नाय. ते चुकलं माझं. बागेचं म्हनशील तर बाग तुझीच हाय. ठेव नायतर दे, मी वर बसून हिशेब मागनार नाय. फक्त बावखलाच्या अंगाचे सात चाफे, ते मी लावलेले नाय. तू लावलेस, पाचवीत असताना. तुला आठवत नसेल. शाळेतून आला की दप्तर टाकून पत्र्याच्या डब्याने पानी घालायचास, आनि मला हात लावू द्यायचा नायस. मी लांबून बघायचो. तोडायचे तर ते तुझ्या हाताने तोड, दुसऱ्याला सांगू नको.”

जिथे हरेश्वर श्वास घ्यायला थांबायचा तिथे ती थांबत होती. धनेशने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले होते.

“आनि एक सांगायचं होतं,” ती म्हणाली.

इथे हरेश्वरला खोकल्याची उबळ आली होती. तिने पाण्याचा पेला पुढे केला होता, त्याने दोन घोट घेतले होते, पेला टेबलावर टेकवला होता. बाहेर व्हेरोनिकाचा कुत्रा भुंकला होता. आणि मग तो बोलत राहिला होता, आणखी दोन मिनिटं. रोज ऐकलेली दोन मिनिटं.

“आणि?” धनेशने तोंडावरचे हात न काढताच विचारलं.

शकूचे ओठ उघडे होते. तिने खोकला पुन्हा आठवला, पेला आठवला, कुत्रा आठवला. पुन्हा सगळं पहिल्यापासून आठवलं.

“आनि... बस,” ती म्हणाली. “एवढंच.”

“एवढंच खूप आहे गं,” धनेश म्हणाला आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागला.

ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. समोरच्या भिंतीकडे बघत. हरेश्वरने पेला खाली ठेवला होता आणि तो पुढे बोलायला लागला होता. तिला फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते.