मध्यंतराची पंधरा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. किती वाजले ते मला विचारू नका. किती वेळ गेला एवढंच मी सांगतो. त्यामुळे मोठ्या माणसांत माझं कधी फारसं जमलं नाही.

पोटात बारीक स्प्रिंग आणि डोक्यावर एक बटण, एवढ्या भांडवलावर मी कारखान्यातून बाहेर पडलो. एका फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकांनी मला गळ्यात घातलं आणि मी वर्षानुवर्षं खेळाडूंची दमछाक मोजली. निवृत्त होताना त्यांनी मला तिकीटखिडकीवरच्या मुलीच्या हातात ठेवलं. "रांग भराभर संपवतेस तू. हे तुझ्याकडेच शोभेल," ते म्हणाले.

ती मुलगी पुढे तिकीट विभागाची प्रमुख झाली, मग सामन्यांची व्यवस्थापक आणि शेवटी अख्ख्या क्लबची मुख्य अधिकारी. माझं वाक्य एका दमात संपलं. मॅडमना एकोणीस वर्षं लागली.

त्या वेळी मध्यंतर झालं की कुटुंबांसाठी राखलेला स्टँड ओस पडायचा. मुलंबाळं घेऊन उठलेली माणसं परत यायचीच नाहीत. अध्यक्षांनी बैठकीत निदान केलं, "बायकांना खेळात रस नसतो. तो स्टँड बंदच करून टाकू." हे आपण कोणाला सांगतो आहोत, ते घाईत त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"एक सामना थांबा. मी बघून येते," मॅडम म्हणाल्या.

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर स्टँडबरोबर मलाही घरी पाठवा."

पुढच्या सामन्याला मॅडम पाहुण्यांच्या कक्षात बसल्या नाहीत. मध्यंतराची शिट्टी होताच त्या बायकांच्या प्रसाधनगृहाच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझं बटण दाबलं. पुढे दोन मुलींना घेऊन एक आई उभी होती.

"पहिल्यांदाच आलात वाटतं?" तिने विचारलं.

"हो. का हो?"

"मग उरलेला सामना विसरा. आमच्या धाकटीला तर वाटतं, फुटबॉल पंचेचाळीस मिनिटांचाच असतो."

नंबर लागला तेव्हा माझा काटा सव्विसावर होता. मध्यंतर पंधरा मिनिटांचं.

बैठकीत मॅडमनी मला टेबलावर ठेवलं. "सव्वीस मिनिटं."

"अरे वा! कोण धावलं?" अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं.

"कोणीच नाही. सगळ्या उभ्या होत्या."

क्लबच्या चाळीस वर्षांत त्या टेबलाभोवतीच्या एकाही संचालकाला त्या रांगेत उभं राहावं लागलं नव्हतं. अध्यक्षांनी मला उचलून कानाशी धरलं, मी बिघडलो तर नाही ना ते बघायला.

संचालकांच्या तसबिरींसाठी एक दालन मंजूर झालं होतं. मॅडमनी त्या जागी वीस प्रसाधनगृहं बांधून घेतली. तसबिरी जिन्याखाली गेल्या. तिथेही त्या प्रसन्नच दिसतात.

नव्या हंगामात मॅडमनी पुन्हा रांगेत उभं राहून मला चालवलं. चार मिनिटं! उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा तो स्टँड खच्चून भरलेला होता. अध्यक्ष शेजारच्याला सांगत होते, "मी पहिल्यापासून म्हणत होतो." मॅडमनी त्यांना म्हणू दिलं. मित्रांनो, माझी छाती तेव्हा इतकी फुगली, की स्प्रिंग तुटते की काय असं वाटलं.

आता मला काचेच्या कपाटात चषकांशेजारी ठेवलं आहे. मान मोठा आहे, पण चावी कोणी देत नाही. काटा जाम होत चालला आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या मोठ्या खुर्चीत बसलंच, तर मला थेंबभर तेल द्या आणि जिथे माणसं ताटकळत उभी असतील तिथे घेऊन चला. चषकांना नुसतं चमकायचं असतं. मला अजून काम आहे.