कोरकूत सांगितलेला भाव

वर्षालीचं लग्न झालं, ते कोरोना सरल्यानंतरचं दुसरं साल. महादेवरावांनी लेक अकोल्याला दिली. इवाई, म्हणजे लेकीचे सासरे, पंजाबराव यांचं तिथं सुक्या मेव्याचं दुकान. माणूस बोलका, पण हात आखडता. मांडव उतरला नाही तोच म्हणाले, "इवाईबुवा, तुमाले कोरकू येते म्हणे. मंग चारोळी थेट जंगलातून घेऊ ना! मधला दलाल कावून पोसाचा?"

महादेवरावांची छाती फुगली. तसे ते भातकुलीकडचे भाजीवाले. लहानपणी बापासोबत मेळघाटात सेमाडोहच्या बाजारात वांगी-मिरच्या विकता विकता सुगंती नावाच्या कोरकू पोरीच्या बापाजवळ बसून ही आदिवासी बोली शिकले. पुढं सुगंती चारोळी घेऊन बसू लागली. व्यापारी हिंदीत बोलो, तेलुगूत बोलो की मराठीत, ती गप्प राहायची अन् महादेवरावांकडं बोट दाखवायची. त्यांच्या तोंडून भाव कोरकूत कानी पडला, की मगच पोत्याचं तोंड सुटायचं. बाजारात काही का चालेना, त्या बोलीत भाव खोटा सांगायचा नाही, ही तिच्या बापापासूनची रीत. पूर्वी दर बाजारात असा दोन्हीकडचा एक माणूस असायचाच. त्याला पैसा नाही. ओंजळभर माल मिळायचा, आणि मान.

वैशाखात पंजाबराव आले. सोबत वर्षालीही होती, माहेरी आलेली. गाडीत सारा वेळ इवाई सांगत होते, यंदा चारोळीचा भाव चढला म्हणून. बाजारात सुगंतीच्या पोत्यावर हात ठेवून मात्र म्हणाले, "सांगा तिले, अकोल्यात भाव पडला. या लोकायले काय समजते!"

महादेवरावांनी लेकीकडं पाहिलं. ती सासऱ्यामागं पदर सावरून उभी होती. नवं घर, तिला तिथं जन्म काढायचा. ते वळले आणि सुगंतीला कोरकूत म्हणाले, भाव पडला.

सुगंतीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग पोतं सोडलं, माप घातलं, नेहमीसारखी ओंजळ भरून त्यांच्या हातात दिली. आणि वर्षालीकडं वळून स्वच्छ वऱ्हाडीत बोलली, "माय, भाव चढला ते मले सकायीच समजलं. तुह्या सासऱ्यानं मराठीत खोटं सांगतलं, त्याचं मले काई नाई. तुह्या बापानं माह्या बोलीत सांगतलं."

पंजाबराव खो-खो हसले. "हिले तं मराठी येते! मंग इतके वर्षं तुमाले कावून उभं करे हे?"

ती का उभं करायची, ते महादेवरावांना ठाऊक होतं. ओंजळ खिशात घालवेना, परतही टाकवेना. वर्षाली खाली मान घालून म्हणाली, "चला बाबा."

पुढच्या बाजारी ते वांग्यांची पाटी घेऊन एकटेच गेले. सुगंतीसमोर उकिडवे बसले, कोरकूत म्हणाले, मी खोटं बोललो.

"वांगे काय भाव, भाऊ?" ती मराठीत म्हणाली, जसं कुणाही गिऱ्हाइकानं विचारावं.

त्यांनी पुन्हा कोरकूत सुरुवात केली.

"मराठीत बोला. समजते मले."

पाऊसकाळ सरला, हिवाळा आला. महादेवराव जात राहिले, ती वांगी घेत राहिली. व्यापारी आले की आपलं आपणच बोलायची. त्यांच्याकडं बोट केलं नाही. इवायानं फोनवर पुढच्या मालाचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "दुसरा माणूस पाहा. माह्या तोंडाले आता तिथं किंमत नाई."

सुगंती कासदेकर त्याच हिवाळ्यात, माघात, बाजाराच्या आदल्या दिवशी, तापानं वारली; तोवर त्यांच्याशी कोरकूत एकदाही बोलली नाही.