पडद्यामागचा खातेदार

सोमवारी बँकेचं दार उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात ओक्यामे ब्रेंपाँग आत आला. हातात सोनेरी मुठीची काठी होती, म्हणजे काम दरबारचं होतं. असुबोनीचा राजा कुणाशी थेट बोलत नाही. त्याचं म्हणणं ओक्यामे सांगतो आणि त्याला काही सांगायचं तेही ओक्यामेलाच सांगायचं. ब्रेंपाँग एकतीस वर्षं हेच काम करत होता.

काउंटरवरच्या पोकुआने त्याचा चेक वहीत नोंदवला आणि मॅनेजर आम्पाडूच्या टेबलावर आणून ठेवला. चाळीस हजार सेडी, प्रसूतिगृहाच्या पत्र्यांसाठी. तारीख शनिवारची. खाली नानांची सही.

सही खरी होती. अडचण एवढीच होती की राजेसाहेब नाना गुरुवारी पहाटे वारले होते. जिल्ह्याच्या इस्पितळात शेवटच्या घटकेला त्यांचे पाय आम्पाडूच्याच हातात होते. नाना त्याचे सख्खे मामा. त्याच्या शाळेची फी त्यांनी भरली, ही ग्रामीण बँक निघाली तेव्हा पहिले शेअर त्यांनी घेतले, आणि घरोघर फिरून लोकांना खाती उघडायला लावली.

गावात सगळ्यांना कळलं होतं. राजवाड्याजवळच्या बायका जेवणाच्या फुफूसाठी उकडलेले कंद कांडतानाही मुसळ हळू टाकत होत्या. पण दरबार जाहीर करेपर्यंत राजा गेला असं कुणी बोलायचं नसतं. जो बोलेल त्याने मेंढी द्यायची, दारू द्यायची, आणि वर त्याच्या घराला बोल लागतो तो वेगळाच.

"बसा काका. नाना कसे आहेत?" आम्पाडूने विचारलं. विचारावंच लागतं.

"आराम करतायत."

"आणि शनिवारी सही केली?"

"सही गेल्या वर्षीच केली. हात थरथरायला लागला तेव्हा दहा चेकांवर करून ठेवल्या. तारीख आणि आकडा मी घातलाय. माझं अक्षर तू ओळखतोस, लपवू कशाला?"

खातेदार गेल्याचं मॅनेजरला कळलं की खातं थांबवायचं, असा नियम होता. मग नवा राजा आसनावर बसेपर्यंत पैसे हलणार नाहीत. एक वर्ष, कदाचित दोन.

"पत्रेवाला परवापर्यंत थांबणार," ब्रेंपाँग म्हणाला. "मग माल पुढच्या गावाला. तुझी बायको सेरवा प्रसूतिगृहाच्या त्या ताडपत्रीखालीच बाळंत झाली ना? छत्री कोण धरून उभं होतं?"

"मीच होतो."

"मग?"

"चेक परत केला तर मला कारण लिहावं लागतं, काका."

"लिही की."

आम्पाडूने छापील कागद पुढे केला. त्यावर कारणांची यादी होती. तिसरं कारण 'खातेदार मयत'. दोघांनीही त्यावरून नजर उचलली. खाली सातवं होतं, 'खातेदाराला विचारावे'. ब्रेंपाँगने त्यावर बोट ठेवलं.

"हे बरंय. चल, विचारू. की मॅनेजरसाहेबांना राजवाड्याची वाट आठवत नाही?"

म्हाताऱ्या खातेदारांच्या घरी जाऊन सही पडताळायची सोय बँकेत होतीच. त्याचा वेगळा फॉर्म होता. आम्पाडूने तो घेतला.

राजवाड्यात पडदा नेहमीसारखा ओढलेला होता. बाजूला राजमाता आफ्राकोमा बसली होती. इथे हा मान राजाच्या बहिणीलाही मिळतो; ती नानांची बहीण, आम्पाडूची आई. अंगावर रोजचंच निळं कापड. काळं नेसली असती तर गावाला सांगितल्यासारखं झालं असतं. चार दिवस तिला भावासाठी रडताही आलं नव्हतं.

आम्पाडू चपला काढून पडद्यासमोर उभा राहिला. "नानांना विचारा, हा चेक त्यांचा आहे का?"

ब्रेंपाँग पडद्याकडे वाकला, थांबला, सरळ झाला. "नाना म्हणतात, माझाच आहे."

फॉर्मवर एकच वाक्य छापलेलं होतं. मी खातेदाराला समक्ष भेटलो. खाली मॅनेजरच्या सहीची जागा. आम्पाडूने पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"सही कर आणि जेवायला चल," आई म्हणाली. "गुरुवारपासून फिरकला नाहीस."

"अजून एक विचारा, काका. नानांना विचारा, मी त्यांना भेटलो असं लिहू का?"

ब्रेंपाँग पुन्हा वाकला. या वेळी तो लवकर उठला नाही. एकतीस वर्षांत नानांनी न म्हटलेलं एक वाक्यही त्याने त्यांच्या तोंडी घातलं नव्हतं. आज पहिल्यांदा घातलं होतं, नुकतंच. काठीचं टोक फरशीवर हलके वाजत राहिलं. उठला तेव्हा त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

"नाना म्हणतात, नको. चेक परत द्या म्हणतात."

"ब्रेंपाँग," आई म्हणाली.

"नाना तसंच म्हणाले असते... तसंच म्हणतायत, राजमाता."

आई उठली. "मग नानांना हेही सांग, बायका भिजतील. आणि तू," ती मुलाकडे न बघता म्हणाली, "जेवण तुझ्या बायकोकडेच कर."

दारापाशी ब्रेंपाँगने उरलेले नऊ चेक आम्पाडूच्या हातात दिले. या सह्या आता चालायच्या नाहीत, हे त्याने आतल्या आसनाकडे हात करून नुसत्या मानेने सांगितलं.

बँकेत परतल्यावर आम्पाडूने नोंदवही उघडली. कारणाचा रकाना रिकामा होता. त्याने लिहिलं, 'खातेदाराने परत घेतला.' पोकुआने वाचलं.

"साहेब, तारीख?"

"आजची."

बुधवारी दुपारी पत्र्यांचा ट्रक बँकेसमोरून उत्तरेकडे गेला. पत्रे खडखडत होते. रांगेतल्या बायकांनी आधी ट्रककडे पाहिलं, मग काचेआडच्या आम्पाडूकडे. त्यांतल्या एकीचे दिवस भरत आले होते. कुणी काही म्हणालं नाही. गावात सध्या कुणीच काही म्हणत नव्हतं.