तोंडी परीक्षेचं शून्य

१९६१ साली यवतमाळच्या शिक्षक-शिबिरात देशकर गुरुजींनी गौहरबाईंना बजावलं होतं, "बहिऱ्या मुलीची परीक्षा तोंडी घेऊ नका. तिला लिहू द्या."

बाई वणीच्या शाळेत परतल्या. तांड्यावरच्या मानीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिला त्यांनी दोन वर्षं लिहून दाखवतच शिकवलं, आणि मानी पाटीभर लिहू लागली.

चौथीच्या परीक्षेला परीक्षक म्हणून देशकर गुरुजीच आले. गौहरबाईंना हायसं वाटलं. त्यांनी मानीला पुढे केलं. गुरुजींनी पाटी बाजूला सारली.

"कविता म्हण."

"गुरुजी, तिले ऐकू नाही येत. तुमीच तं सांगितलं होतं, लिहू द्या म्हणून!"

"ते शिबिरात, बाई. तक्त्यात तोंडीचा रकाना आहे. वर मला जाब द्यावा लागतो."

त्यांनी शून्य मांडलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली. आपलं काय चुकलं, हे मानीला कळेना.

बाईंनी निकालपत्रकावर सही करायचं नाकारलं. मग हेडमास्तरांनीच ती केली.

चार दिवसांनी बाई तांड्यावर गेल्या. मानीनं त्यांना येताना पाहिलं, पाठ फिरवली आणि ती सरपण मोडत राहिली.