न चाखता दिलेले मार्क

रविवारी सकाळी नाकसाहेबांच्या घरात कॉफीला बंदी होती. कांदा चिरायचा नाही, अत्तर लावायचं नाही, वासाच्या साबणाने हातसुद्धा धुवायचे नाहीत. अकरा वाजता वाइन चाखायला बसायचं आणि तोवर घरात एकही आगाऊ वास फिरकता कामा नये, हा नियम त्यांनी लग्न झाल्या झाल्या घातला, तो बायको गेली तरी चालूच राहिला. एकदा मुलगा दाढीनंतर गालांना काहीतरी चोपडून आला, तर ऐन थंडीत त्याला पुन्हा आंघोळीला पिटाळलं होतं. मुलगा तेव्हा चांगला बत्तीस वर्षांचा घोडा झाला होता, आणि त्याची नवी नवरी शेजारी उभी राहून हसू दाबत होती.

नाकसाहेब हे नाव कारखान्यातलं. वाइनच्या कारखान्यात ते जन्मभर चव घ्यायच्या कामावर होते. कुठल्या पिंपातली वाइन बाटलीत भरायची, कुठली अजून थोडी मुरू द्यायची आणि कुठली सरळ मोरीत ओतायची, हे त्यांच्या नाकावर ठरायचं. मालकसुद्धा त्यांच्यापुढे सांभाळून बोलत. नाकावर माशी बसू द्यायची नाही, असा एकूण खाक्या. निवृत्त झाल्यावर तो सगळा रुबाब घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून बसला.

मुलाने मात्र या विद्येची कधी पत्रास ठेवली नाही. तो एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढायचा. बापाने कुठलीही वाइन पुढे केली, लाल असो की पांढरी, की तो म्हणायचा, "छान आहे." बापाचं डोकं फिरायचं. सूनबाईने मात्र एका वर्षात सगळं उचललं. ग्लास कसा धरायचा, आधी लहान श्वास, मग लांब, मग घोट, घोट तोंडात फिरवायचा, आणि ग्लास खाली ठेवेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. एकाचं मत दुसऱ्याच्या कानावर पडलं की जीभ लाचार होते, असं नाकसाहेब म्हणत.

दोन वर्षांपूर्वी मुलगा गेला. जेवता जेवता छातीत कळ आली आणि संपलं. त्यानंतरच्या रविवारी सूनबाई एक लाल आणि एक पांढरी बाटली घेऊन दारात उभी राहिली, कारण दुसरं काय करावं हे तिला सुचलं नव्हतं. त्यांनाही सुचलं नव्हतं. एकमेकांसमोर रडायची दोघांना सवय नव्हती, म्हणून दोघं चाखायला बसली. तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. आठवड्यातले बाकीचे दिवस नाकसाहेब कसेबसे ढकलत.

आणि आता त्यांचं नाक गेलं होतं.

थंडी सुरू होताना ताप आला, चार दिवसांत उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. कळलं तेही दुसऱ्यांकडून. दूध उतू जाऊन, आटून, भांडं काळं पडलं आणि शेजारीण दार ठोठावत आली, तेव्हा हे पलीकडच्या खोलीत निवांत वर्तमानपत्र वाचत होते. डॉक्टर म्हणाले, येईल, किंवा नाही येणार. नाकसाहेबांनी कुणाला सांगितलं नाही. सूनबाईला तर नाहीच. ती रविवारी कशासाठी यायची? वाइनसाठी. वाइन काढून घेतली तर बिनमुलाच्या सासऱ्याकडे कोण कशाला येतं? दोनदा येईल, चारदा येईल, मग फोन करेल, मग सणासुदीला करेल. हा हिशोब त्यांनी अंधारात पडून पुन्हा पुन्हा केला होता आणि उत्तर दर वेळी तेच आलं होतं.

म्हणून ते नाटक करू लागले. जीभ अजून शाबूत होती. आंबट, गोड, कडू कळत होतं. लाल वाइनने हिरड्या आवळल्यासारख्या होतात, पांढरीने जिभेच्या कडांना पाणी सुटतं, कडक असेल तर घशाला ऊब लागते. एवढ्या भांडवलावर ते जुन्या आठवणीतले वास जोडून द्यायचे. पिकलेली नासपती म्हणायचे, ओला दगड म्हणायचे, चामडं म्हणायचे. सूनबाई मान डोलवायची. जन्मभर दुसऱ्यांच्या थापा नाकाने पकडलेला माणूस आता स्वतः थापा मारत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

त्या रविवारी ती आली, कोट खुंटीला टांगला, बाटल्या काढल्या. लेबल दिसू नये म्हणून बाटल्यांना लांब लोकरी मोजे चढवायची घरची पद्धत होती. मोजे मुलाचे. तिने पहिली ओतली.

"फार कोवळी," ते ग्लास खाली ठेवून म्हणाले. "लिंबाची साल. दहापैकी सहा."

"मीपण सहा," ती म्हणाली.

दुसरी लाल होती, तीही पार पडली. तिसरीही लालच. हिरड्या बेताने आवळल्या, घशाला छान ऊब आली, आंबटपणा जिथल्या तिथे. नाकसाहेबांना हायसं वाटलं. ते जरा फुलून बोलले. जांभळं आहेत, म्हणाले, मागे थोडा धूर आहे, कसली भारदस्त वाइन आणलीस. आठ मार्क.

सूनबाईने ग्लास नाकाशी नेला, बाजूला केला, पुन्हा नेला.

"मला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय," ती हळूच म्हणाली.

नाकसाहेबांना तो वास चांगला माहीत होता. बुचाला बुरशी धरली की वाइनला तो वास लागतो. चवीला काही कळत नाही, सगळी नाकाची गोष्ट. कारखान्यात नवीन पोरांना ते पहिल्या दिवशी हेच शिकवत, आणि ज्याला ओळखता येत नसे त्याला दुसऱ्या दिवशी हिशोबाच्या खात्यात पाठवत. आता सापडलो, असं त्यांना वाटलं.

पण तिने ग्लास बाजूला सारला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"तुमचं आज लक्ष नाही, बाबा. मी काय सांगायला आलेय ते तुम्हाला कळलंय ना?"

ते ग्लासाखालचा ओला गोल बोटाने पुसत राहिले. काही न बोलणं त्यांना सुरक्षित वाटलं.

"लग्नाची तारीख ठरली," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात. घरच्या घरीच करणार आहोत. मग आम्ही त्याच्या गावी जाऊ, त्याचं दुकान तिकडे हलवायचंय." ती थांबली. "तुमचे आभार कसे मानायचे तेच मला समजत नाही. थंडी पडल्यावर एका रविवारी मी त्याच्याकडून थेट इथे आले होते, आठवतं? कोट बदलायचा राहिला. जिन्यात लक्षात आलं, कोटाला केवढा वास येतोय. परत फिरणार होते. मग म्हटलं, होऊन जाऊ दे. बाबांना नाकानेच कळू दे, मला काही तोंडाने सांगवणार नाही. तुम्ही दार उघडलंत. मला वाटलं, आता फाडून खाल. तुम्ही कोट हातात घेतलात, खुंटीला टांगलात आणि म्हणालात, पांढरी आधी काढ."

तिचे डोळे भरून आले होते.

"घरी जाऊन खूप रडले मी. तुम्ही एक शब्द बोलला असतात ना, बाबा, तर मी त्याला नाही म्हणून सांगितलं असतं. शपथ. मग दर रविवारी तोच कोट घालून आले. तुम्ही दर वेळी गप्प राहिलात."

नाकसाहेबांना तो रविवार आठवत होता. कोट जड होता आणि थंड होता. बाकी आठवायला नाकाशी काही आलंच नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. पोरी, मला वासच आला नाही. एवढं म्हटलं असतं की तिची परवानगी तिथल्या तिथे खोटी ठरली असती. शपथ तिनेच घेतली होती. ती थांबली असती, निदान अडखळली असती, आणि अडखळलेलं माणूस जवळच राहतं. वाक्य अगदी जिभेवर आलं. त्यांना त्या न पाहिलेल्या माणसाचा भयंकर राग आला, तिचा त्याहून जास्त आला. दोन वर्षांत विसरलीस, असंही त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. हिच्या गालांवर मांस चढलं होतं. मुलगा गेल्यावर ही नुसती हाडं घेऊन जिना चढायची, हे त्यांनी पाहिलं होतं, आणि इतके रविवार समोर बसवूनही आपल्याला ती झीज भरून काढता आली नव्हती.

"वास आला होता," ते म्हणाले. "न यायला काय झालं?"

तिने डोळे पुसले आणि जरा लाजून विचारलं, "कसा वाटला? वासावरून माणूस कळतो म्हणता ना तुम्ही."

आता आली का पंचाईत. ते काय सांगणार? त्यांनी डोळे मिटले आणि पुरुषमाणसाचा म्हणून जो वास आठवला तो सांगत सुटले. "लोकरीचा. अंगावरच्या जुन्या स्वेटरचा असतो तसा. दाढीचा साधा साबण. आणि पेन्सिलला टोक केल्यावर येतो ना, तो. थोडा खोडरबरचा."

सांगून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. ती पांढरीफटक पडली होती.

"बाबा, हा तर आपल्या घरातला वास आहे," ती म्हणाली. "हा त्याचा वास आहे. तुमच्या मुलाचा."

नाकसाहेबांनी बाटलीवरचा मुलाचा मोजा मुठीत धरला.

"हा नवा कॉफी भाजतो. दुकान आहे त्याचं. कोटाला कॉफीचा वास आहे, बाबा. आत्ताही. इथपर्यंत येतोय." ती खुंटीकडे बघत होती, मग तिसऱ्या बाटलीकडे, मग त्यांच्याकडे. "तुम्हाला वास येत नाहीये."

त्यांनी तिसऱ्या बाटलीला बूच लावलं.

"कधीपासून?"

ती काय विचारतेय हे त्यांना पुरतं कळलं. तापापासून म्हटलं तर कोट तापानंतरचा होता. तिने मनात तेवढा हिशोब केला की सगळं कोसळणार होतं, आणि कोसळलं की ती इथेच राहणार होती. खरं बोलायची दुसरी संधी आयती चालून आली होती, आणि या वेळी तर तिनेच विचारलं होतं.

"परवापासून," नाकसाहेब म्हणाले. "सर्दी झालीय. तुला सांगितलं असतं तर तू काढे करत बसली असतीस आणि वाइन राहिली असती."

"आणि त्या रविवारी?"

"त्या रविवारी काय धाड भरली होती माझ्या नाकाला? दारातून कोट आत आला आणि घरभर कॉफी झाली. रविवारी, माझ्या घरात." त्यांनी आवाज चढवला. आवाज चढवला की त्यांचं खरं वाटायचं. "आत्ता तू विचारलंस तेव्हा मला जरा आपला पोरगा आठवला. बाप आहे मी, आठवणारच."

"चिडला होतात?"

"चिडलो तर. मग म्हटलं, माल कसा आहे ते तरी बघू. भाजलेली होती, करपवलेली नव्हती. कॉफी करपवायला काय लागतं? घाई लागते. तो घाईचा माणूस नाही. आच सांभाळतो. असा माणूस घरातसुद्धा आच सांभाळतो."

ती एकटक त्यांच्याकडे बघत होती. आता तिला कळेल, असं त्यांना वाटलं, आणि कळावं असंही वाटलं.

"मार्क?" तिने विचारलं.

ज्यावरून आपलं नाक फिरलं नाही त्याला मार्क द्यायचे नाहीत, ही त्यांची जन्माची अट. याच अटीपायी त्यांनी मालकाच्या मेहुण्याला सगळ्यांदेखत तोंडावर पाडलं होतं.

"नऊ," ते म्हणाले. "दहा मी कुणाला देत नाही."

ती हसली आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकून रडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्यासमोर रडत होती. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. जन्मात इतका मोठा खोटेपणा त्यांनी केला नव्हता आणि त्यांना तो मागे घ्यावासा वाटत होता. घेतला नाही.

निघताना ती म्हणाली, महिन्यातून एकदा तरी येईनच. ते म्हणाले, ये की, घर तुझंच आहे. मग ते सर्दीवर काय घ्यायचं ते ऐकत राहिले. गरम पाणी, वाफ, रात्री पायात मोजे. सगळ्याला हो म्हणाले.

कोट चढवून ती दारापर्यंत गेली, आणि मग परत वळून तिने त्यांना मिठी मारली. असं तिने कधी केलं नव्हतं. त्यांची हनुवटी तिच्या खांद्यावर आली, नाक कोटाच्या कॉलरपाशी.

"घ्या," ती पुटपुटली. "सर्दी असली तरी इतक्या जवळून थोडा येईल."

आणि त्यांना नीट घेता यावा म्हणून ती अजिबात न हलता उभी राहिली.

नाकसाहेबांनी डोळे मिटले. आधी लहान श्वास घेतला, मग लांब, छाती दुखेपर्यंत लांब. थंड हवा आत गेली, नुसती हवा.

"येतोय," ते म्हणाले.