आतून आणि बाहेरून

श्रुतीने आइस्क्रीमच्या काड्यांचं तारू टबातल्या पाण्यावर ठेवलं आणि हात काढून घेतला. क्षणभर ते तरंगलं. मग तळाची एक काडी सुटली, तिच्यामागे दुसरी, आणि त्यातले मातीचे दोन्ही हत्ती टबाच्या तळाशी जाऊन बसले.

"अय्यो! डूब गया," विकास ओरडला. "टीचर, नोहा गया!"

बाकीची सहा मुलं खिदळली. श्रुतीने ओली काडी बोटांत चोळली. पांढरा गोंद पाण्यात सुटतो, हे रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला आज कळत होतं. एरवी मुलांनी केलेली ही तारवं पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगली जात. पाण्यात सोडायची हौस तिचीच.

अर्ध्या तासात भगवंतराव येणार होते. काचीगुड्यातल्या या छोट्या चर्चचे सेक्रेटरी. "पोरांना मराठी धड वाचता येत नाही. काड्या चिकटवल्या म्हणजे गोष्ट कळली का?" असं म्हणून त्यांनी रविवारचा मराठी वर्ग बंद करायचं जवळजवळ ठरवलं होतं. मुलं हिमायतनगरच्या इंग्रजी वर्गात जाणार होती. आज ते शेवटचं बघायला येत होते.

"आधी वाचन करू," श्रुती म्हणाली. तेवढाच विचाराला वेळ. "दीपमाला, तू वाच."

"उसकू नक्को टीचर, बारा बजेंगे!" विकास म्हणाला.

बाकीच्यांना बायबलमधला नोहाच्या तारवाचा तो भाग पाठ होता. ते घडाघडा म्हणून मोकळे होत. नऊ वर्षांची दीपमाला मात्र प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून पुढे सरकायची.

"आ...तून... बा...हेरून... डां...बर..." बोट थांबलं. तिने टबाकडे पाहिलं. "टीचर, डांबर म्हणजे रोडवर टाकतात ते?"

"हो."

"मग आपण ते लावलंच नाही."

श्रुतीने पुस्तक ओढून घेतलं. त्यात दिलेली तारवाची लांबी, रुंदी, उंची तिने मुलांना प्रमाणात काढून दिली होती. त्या मापांच्या वरचीच ओळ तिने आजवर नुसती म्हटली होती.

"भामाबाई," तिने हॉल झाडणाऱ्या बाईंना हाक मारली, "नाताळच्या मेणबत्त्यांचे तुकडे फेकलेत?"

"फेकते कशाला? डबाभर ठेवलेत. लाइट गेली की तुम्हीच मागता."

भामाबाईंच्या स्टोव्हवर पाणी तापलं, पाण्यात स्टीलची वाटी, वाटीत मेण. गरम मेणाचा ब्रश श्रुतीने स्वतःच्या हातात ठेवला. मुलं कोरडी राहिलेली सहा तारवं पुढे करत होती आणि दीपमाला दर वेळी बजावत होती, "आतून पण, टीचर. आतून पण."

साडेदहाला भगवंतराव दारात उभे राहिले. आधी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग टबाकडे.

"दहा मिनिटं आहेत माझ्याकडे. हे काय?"

"मेण, काका," दीपमाला म्हणाली. "डांबर नव्हतं ना."

"डांबर कुणी सांगितलं तुला?"

तिने पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत, ती ओळ त्यांना वाचून दाखवली. बराच वेळ लागला. ते तिच्या बोटामागे डोळे सरकवत राहिले.

सहा तारवं पाण्यावर सुटली. हत्ती चढले, उंट चढले. एकही काडी हलली नाही.

"मातीच्या हत्तींचं वजन ते काय," भगवंतराव पुटपुटले. गुडघ्यावर हात टेकत ते टबापाशी बसले. रेल्वेतून निवृत्त होताना मिळालेलं, रोज सकाळी चावी द्यायचं घड्याळ त्यांनी मनगटावरून सोडलं आणि दीपमालाच्या तारवात ठेवलं.

तारू काठापर्यंत खचलं. मग ते हळूच सावरलं आणि टिकटिक करत टबाच्या मधोमध गेलं.

"चल रे नोहा!" विकासने टाळ्या पिटल्या आणि हॉल दणाणून गेला.

उपासनेची घंटा झाली. दारातून कुणीतरी विचारलं, "भगवंतराव, चलायचं ना? किती वाजले?"

भगवंतरावांनी रिकाम्या मनगटाकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "घड्याळ तारवात आहे." आणि दीपमालाकडे वळून हलकेच विचारलं, "पुढची ओळ काय आहे गं?"