सिनेमाची फॅट

आमच्या गावात सिनेमाबद्दलचं खरं मत ऐकायचं असेल तर संध्याकाळी दूध केंद्रावर जावं. सिनेमा लोक संगमनेरला पाहतात, पुण्याला पाहतात, बहुतेक जण मोबाईलवर पाहतात. मत मात्र इथेच देतात. हातात किटली, पुढे रांग, घरी जायची घाई नाही. समीक्षेला आणखी काय लागतं?

केंद्र भागवत चालवतो. प्रत्येकाच्या किटलीतलं थोडं दूध तो यंत्राला पाजतो आणि यंत्र दोन आकडे दाखवतं. एक फॅटचा, म्हणजे दुधात साय किती. दुसरा डिग्रीचा, म्हणजे मालकाच्या हातून नळ किती वेळ उघडा राहिला. वर्षानुवर्षं हे आकडे ऐकून गावाला कुठलीही गोष्ट त्याच मापाने मोजायची सवय लागली आहे. सरपंचाचं भाषण, पाहुण्याकडचं जेवण, आणि सिनेमा.

"काल त्यो दक्षिनेकडचा पिक्चर बघितला," मच्छिंद्र सांगत होता. मच्छिंद्रचा टेम्पो आहे, त्यामुळे जगातल्या सगळ्या वाहनांची काळजी त्याच्याकडे. "हिरो एका हातानं ट्रक उचलतो. उचल बाबा. पन आतल्या मालाचं काय? टमाटे असले तर? भरपाई कोन देनार?"

"फॅट किती?" भागवतने विचारलं.

"दोन. ती पन हिरोइनीमुळं."

झुंबरबाईंनी पदराने किटलीचं तोंड पुसलं. त्यांची गाय एक आहे, पण मतं दहा गायींची असतात. "मला नातीनं पुन्याला मॉलमदी नेलं हुतं. भुताचा हुता. ती बाई सगळ्या घरातनं अंधारात पळतीया. अगं, भूत हाय तर लाईट लाव की! एवढा मोठा बंगला आन् एक बटन दाबंना. बिलाला भीती व्हय?"

मीही मत दिलं. मी पूर्वी वर्तमानपत्रात थट्टेचं सदर लिहायचो. आता निवृत्त आहे, म्हणजे थट्टा फुकट करतो. मी म्हणालो, "परवा मी पारितोषिक मिळालेला सिनेमा पाहिला. त्यात एक माणूस अर्धा सिनेमा खिडकीतून बाहेर पाहत बसतो."

"आन् तुमी काय बघत हुता, नाना?"

"त्याच्याकडे."

"मंग पारितोषिक तुमाला द्यायला पायजे हुतं," झुंबरबाई म्हणाल्या.

रांगेत फक्त एक जण कधी मत देत नाही. ज्ञानेश्वर. या नावाच्या माणसाला आमच्याकडे माउली म्हणतात, तसं यालाही म्हणतात. माउली किटली पुढे करतो, आकडे ऐकतो, मान हलवतो, जातो. त्याच्या म्हशी त्याच्यापेक्षा जास्त बोलतात.

या माउलीची मुलगी माधुरी पुण्यात असते. लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून देते. गेल्या आठवड्यात ती सुट्टी काढून आली आणि लॅपटॉप घेऊन थेट माझ्याकडे आली. तिने स्वतःचा सिनेमा केला होता. चाळीसेक मिनिटांचा. घरी सांगितलेलं नव्हतं. साठवलेले सगळे पैसे त्यात घालून, नाशिकची दोन नाटकवाली माणसं घेऊन, कोपरगावच्या स्टँडवर तो केला होता.

गोष्ट साधी होती. मुलगी नोकरीला निघाली आहे. बाप स्टँडवर सोडायला आला आहे. गाडीला उशीर आहे. दोघं बाकावर बसतात. शेवटी गाडी येते, मुलगी खिडकीत बसते, आणि बाप खाली उभा राहून तिला मनातलं सगळं सांगतो.

"कसा वाटला, नाना?"

"छान आहे," मी म्हणालो.

माधुरीने लॅपटॉप मिटला. "पुण्यात सगळे अमेझिंग म्हणाले. तुम्ही छान म्हणालात. नाना, तुम्ही मंत्र्यांना सोडलं नाहीत."

"मंत्र्यांनी मला कधी चहा करून दिला नाही," मी म्हणालो. तिने केलेला चहा माझ्या हातात होता, आणि तो खरोखरच छान होता.

"मग ऐका. सोमवारी हा एका महोत्सवाला पाठवायचाय. आणि त्याच सोमवारी लग्नाच्या व्हिडिओवाल्या कंपनीला हो की नाही सांगायचंय. तीन वर्षांचा करार. तोपर्यंत दुसरं काही करायचं नाही. सिनेमात काही नसेल तर मी सही करणार. पण आहे की नाही हे मला कुणी सांगतच नाही. सगळे छान म्हणतात. तेराव्याच्या बुंदीलाही छानच म्हणतात!"

पोरीचं बरोबर होतं. आमचं गाव परक्याच्या सिनेमाची सालं काढतं, पण गावच्या पोराने काहीही केलं की 'लई भारी' म्हणून मोकळं होतं. मी विचार केला आणि म्हणालो, "तुझं नाव काढता येईल का?"

"कशातनं?"

"सिनेमातनं. बाकी मी बघतो."

केंद्रावर एक टीव्ही आहे. गाभण जनावरांची निगा कशी राखावी याची फिल्म दाखवायला तो मिळाला होता. ती फिल्म गावाने एकदा पाहिली, तीन फॅट दिली आणि टीव्हीवर पोतं टाकलं. शुक्रवारी दूध घेऊन झाल्यावर मी ते पोतं काढायला लावलं.

"कोल्हापूरकडच्या एका पोराचा सिनेमा आहे," मी सांगितलं. इतकं सरळ तोंड ठेवून मी निवृत्तीनंतर खोटं बोललो नव्हतो. "त्याला खरं मत पाहिजे. माधुरीच्या ओळखीचा आहे, म्हणून तिने आणलाय."

"वळखीचा म्हंजी?" झुंबरबाईंनी लगेच विचारलं.

"कामातला, आज्जी," माधुरी म्हणाली आणि मागे कॅनवर जाऊन बसली. तिथून तिला टीव्ही नीट दिसत नव्हता. माणसं दिसत होती.

माउली निघालाच होता. टीव्हीवर स्टँडचं चित्र आलं तसा दारात थांबला आणि चौकटीला टेकून उभा राहिला.

सिनेमा सुरू झाला. पहिल्यांदा मच्छिंद्र म्हणाला, "ह्यो कोपरगावचा स्टँड. मी वळखला." मग म्हणाला, "गाडी काय येत न्हाई आता. आपल्याकडं पन असंच." मग त्याचं बोलणं थांबलं. बाकावर बाप आणि मुलगी बसलेली होती. बाप तिची बॅग दोन पायांच्या मधे धरून बसला होता, कुणी पळवून नेईल अशी. दोघंही काही बोलत नव्हती.

"बिस्किटाचा पुडा तरी घे की रं पोरीला," झुंबरबाई टीव्हीतल्या बापाला म्हणाल्या. पुढे त्याने खरोखर पुडा आणला. तो दोघांनी मिळून, एकमेकांकडे न बघता खाल्ला. झुंबरबाईंनी नाक ओढलं. भागवत कॅन धुवायला उठला होता तो ओला हात तसाच धरून उभा राहिला. कुणाचा मोबाईल वाजला तर त्याने तो न बघता खिशात दाबला. मी माधुरीकडे पाहिलं. ती कॅनवर बसून एकेकाचं तोंड बघत होती.

मग गाडी आली. मुलगी खिडकीत बसली. बाप खाली उभा राहिला आणि बोलू लागला. जा पोरी, तुझ्या पंखांना आता आभाळ मिळालंय, घरट्याची आठवण ठेव पण घरट्यात अडकू नकोस, वगैरे. नटाने आवाज छान लावला होता. मच्छिंद्रने मोबाईल काढला. भागवत कॅन धुवायला गेला. झुंबरबाई मला म्हणाल्या, "नाना, उद्या गायीला पेंड बाजारातनं आनायची हाय, जाता का?" आणि बाप अजून बोलतच होता.

सिनेमा संपला. भागवत हात पुसत आला. "फॅट चांगली लागली हो. चार म्हना. पन शेवटाला कुनीतरी बादलीभर पानी घातलंय."

"बादलीभर? टँकर!" मच्छिंद्र म्हणाला. "गाडी सुटायची वेळ झाली आन् ह्यो पाखराचं सांगतोय. कंडक्टर थांबंल का? घंटी मारून मोकळा झाला असता."

"त्या कोल्हापूरवाल्याला म्हनावं, ह्यो बाप काय बरोबर न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "बिस्कीट आननारा बराय. ह्यो दुसराच कुनीतरी हाय."

माधुरी हे सगळं ऐकत होती. तिचा चेहरा मला नीट वाचता येईना.

"लई बोलतो," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मत माउलीने दिलं होतं. यंत्र बोललं असतं तर लोकांना कमी आश्चर्य वाटलं असतं.

"पोरगी चाललीया," माउली जमिनीकडे बघत म्हणाला. "असं बोलता येत आसतं तर सोडायला कशाला आला आसता? घरनंच फोन लावला आसता."

"मग काय करायला पाहिजे होतं त्याने?" माधुरीने विचारलं.

माउलीने मान वर केली. "मी काय केलं हुतं?"

सिनेमा कुणाचा ते सगळ्यात आधी झुंबरबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी माधुरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ आणि जरा वाईट नजरेने पाहिलं, आणि घाईने म्हणाल्या, "आवो, मी काय म्हनते, पानी जरी घातलं आसंल ना, तरी पानी पन गोडच हाय!"

"लई भारी हाय," मच्छिंद्र मोबाईल खिशात कोंबत म्हणाला. "मी तर म्हन्लंच हुतं. आन् भाशन तर... भाशनात पन लई हवा हाय."

"साडेचार म्हना," भागवत म्हणाला. "यंत्राचं कधी कधी चुकतं."

"गप ऱ्हावा आता," माउली म्हणाला. "बोललात त्ये बोललात. चांगलं बोललात."

माधुरी कॅनवरून उतरली. बापाला ती दादा म्हणते. "दादा, तुम्हाला कधी कळलं?"

"बॅग बघितल्या बघितल्या. चेनीला दोरी मीच बांधल्याली हाय."

"आणि तरी तुम्ही..."

"दुसऱ्या कुनाचा आसता तर छान हाय म्हनून गेलो आसतो. मला काय करायचंय दुसऱ्याचं?"

एवढी लांब वाक्यं माउलीने एका दमात कधी बोलल्याचं गावात कुणाला आठवत नाही. तो थकल्यासारखा दिसला. पण माधुरी सोडायला तयार नव्हती.

"मी पुण्याला निघाले त्या दिवशी गाडी लागल्यावर तुम्ही एकदम गायब झालात. मी खिडकीतनं बघत होते. गाडी सुटताना आलात, नुसता हात केलात. मला इतकी वर्षं वाटतंय, तंबाखू खायला गेला असाल. म्हणून तर सिनेमातल्या बापाला बोलायला लावलं मी."

"तंबाखू न्हाई," माउली म्हणाला. "टायर बघत हुतो."

"कसले टायर?"

"गाडीचे. हवा हाय का न्हाई. लांबचा रस्ता, घाट हाय मधी. हात लावून बघितले सगळे."

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. मच्छिंद्र, ज्याचा सगळा जन्म टायर बघण्यात गेला आहे, तो छताकडे बघत राहिला.

मग माधुरीने विचारलं, "आणि बाकीचा, दादा? भाषण सोडून?"

"बाकीचा खरा हाय," माउली म्हणाला, किटली उचलली आणि म्हशींकडे गेला.

सोमवारपर्यंत थांबायची गरज राहिली नाही. शनिवारी सकाळीच माधुरीने त्या कंपनीला नाही म्हणून कळवलं. मला सांगायला आली तेव्हा घाबरलेली होती, पण जेवण मागून जेवली. भाषण तिने मुळापासून कापून टाकलं होतं. आता तिथे फक्त एक चित्र हवं होतं: खिडकीतून खाली दिसणारा बापाचा हात, टायरवर ठेवलेला. नाशिकचा नट तालमीत अडकला होता. पण हातच तर हवा होता, आणि आमच्याकडे सगळ्या बापांची बाही पांढरीच असते.

"मी न्हाई," माउली म्हणाला.

"तोंड दिसणार नाही, दादा."

"मंग ठीक हाय."

रविवारी मच्छिंद्रच्या टेम्पोतून आम्ही कोपरगावला गेलो. झुंबरबाईंचं काहीच काम नव्हतं, म्हणून त्या पुढे बसल्या. स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. माधुरीने ड्रायव्हरला विनंती केली. तो म्हणाला, सुटायला वेळ आहे, काय ते पटकन करा, आणि मलाही त्यात दिसू द्या. ती कॅमेरा घेऊन खिडकीत जाऊन बसली.

माउली पुढच्या चाकाशी गेला. वाकला, टायरवर तळहात ठेवला, अंगठ्याने दाबून पाहिलं, पुन्हा तळहात ठेवला. अभिनय वगैरे काही केला नाही. ड्रायव्हरचा मात्र अपमान झाला.

"काका, हवा बरोबर हाय. डेपोतनं तपासून निघतो आम्ही."

"तपासली आसंल," माउली म्हणाला. हात काढला नाही.

खिडकीतून माधुरीने सांगितलं, "दादा, झालं. छान आलंय." मग स्वतःच्याच शब्दाची लाज वाटून म्हणाली, "म्हणजे खरंच आलंय."

"तुझं झालं," माउली म्हणाला. "मागचे बघायचे ऱ्हायलेत."

आणि तो मागच्या चाकांकडे गेला. आतला टायर लांब होता म्हणून गुडघ्यावर बसला. माधुरीने खिडकीतून आणखी बाहेर वाकून कॅमेरा त्याच्यावर धरला. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला होता, तो ड्रायव्हरने खुणेने थांबवला. झुंबरबाई खिडकीतल्या प्रवाशांना हळूच सांगत होत्या की दमानं घ्या, शूटिंग चालू हाय. पण माउलीच्या लेखी शूटिंग कुठे चालू होतं? गाडी पुण्याची होती, आणि तिच्यातून आमचं कुणीच जाणार नव्हतं. माउली गाडीला वळसा घालून पलीकडच्या चाकांशी पोचला होता.